काळा कुत्रा क्रमांक चार

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत नऊ कुत्री होती. चार ठिपक्यांची, दोन पांढरी, एक पिवळसर, एक तपकिरी आणि एक काळा. लंगडणारी दोन, खरूज झालेली तीन. गायी सहा आणि उभ्या स्कूटरी चौदा. गायी-स्कूटरींचा या अभ्यासाशी संबंध नाही, पण मोजल्या होत्या म्हणून लिहिल्या.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. बेवारस कुत्र्यांना घर मिळवून देणं हा लोक उगाच भावनेचा प्रश्न करून ठेवतात, तो मुळात पद्धतीचा प्रश्न आहे, असं माझं ठाम मत होतं. आधी मोजायचं, मग सगळ्यात हालाखीत कोण आहे ते निरीक्षणाने ठरवायचं, लस टोचून घ्यायची, योग्य घर शोधायचं, आणि निकाल जाहीर करायचा. दर पंधरवड्याला एक कुत्रा धरला तर नऊ कुत्र्यांना अठरा आठवडे. पावसाळा संपायच्या आत गल्ली मोकळी! मी आईला तसं लिहूनही दिलं होतं. आईने तो कागद डाळीच्या डब्याखाली घातला.

पहिला नंबर काळ्याचा लागला. वहीत तो क्रमांक चार. मी दोन आठवडे रोज सकाळी अर्धा तास खिडकीत बसून नोंदी केल्या. बाकीच्या कुत्र्यांना कोणी ना कोणी काही टाकत होतं. कोणी शिळी पोळी, कोणी भात, कोणी निदान शिवी. क्रमांक चारकडे मात्र एकही माणूस बघत नव्हता. तो हापशाजवळ पडलेला असायचा, एक कान उभा, एक कान पडलेला, आणि रविवारी तर हमखास ओकलेला असायचा. आजारी, एकाकी, दुर्लक्षित. माझ्या वहीत त्याच्यापुढे बारा दिवस शून्य लागलं होतं.

चौदा नव्हे, बारा. कारण शनिवारी मी सकाळी साडेपाचला गावोगावच्या विहिरींचे नमुने घ्यायला निघते आणि रात्री परत येते. आठवड्यातला एक दिवस सुटला तर सरासरीला काय फरक पडतो? विद्यार्थ्यांनो, हे वाक्य अधोरेखित करून ठेवा.

घरही सुरेख मिळालं. बाबांच्या ओळखीचे धर्मपाल काका मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी नवा रायपूरला फ्लॅट घेतला. मोठाले रस्ते, रस्त्यांच्या मधोमध फुलझाडं, आणि फुलझाडांकडे बघायला माणूस नाही! त्यांच्या इमारतीत अठ्ठेचाळीस फ्लॅट होते आणि राहती घरं एकोणीस. मुलगा संघर्ष पुण्याला, मुलगी रुचिता भिलाईला. कमला काकू दिवसभर कुकरशी बोलायच्या, असं काकांनीच बाबांना सांगितलं होतं.

रविवारी मी क्रमांक चारला घेऊन गेले. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, त्याने काकूंकडे, आणि मी काढून आणलेला तीन पानी प्रश्नावलीचा गठ्ठा कोणीच बघितला नाही. काकांनी त्याचा पडलेला कान निरखला आणि म्हणाले, "सिग्नलसारखा एक हात डाऊन आहे. म्हणजे लाइन क्लिअर." त्याचं नाव सिग्नल ठेवलं गेलं. मी त्यांना एक महिन्याची मुदत सांगून ठेवली. जमलं तर कायमचा, नाही जमलं तर मी परत नेईन. काकू म्हणाल्या, "न्यायचा विषय काढू नको, पोरी. हा बोलत नाही, पण आयकते तरी. तुझे काका फक्त न्यूज आयकते."

घरी येऊन मी निकाल जाहीर केला. विज्ञानात माहिती लपवत नाहीत. म्हणून मी एक स्वच्छ तक्ता छापून गल्लीतल्या विजेच्या खांबावर चिकटवला. कुत्रा क्रमांक चार, रंग काळा, लस झाली, घर मिळाले. पुढे घराचा संपूर्ण पत्ता, सेक्टर, ब्लॉक आणि मजल्यासह. आमच्या गल्लीत कोणी काही वाचत नाही याची मला खात्री होती. इतक्या वर्षांत 'यहाँ कचरा न फेंकें' कोणी वाचलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मोजणीला उतरले. नऊ वजा एक, आठ. कुत्री आठच होती. पण त्या आठांत एक काळा होता!

मी चष्मा पुसला. काळाच. हापशाजवळच पडलेला. नवा रायपूर माझ्या स्कूटीच्या मीटरवर साडेतेवीस किलोमीटर आहे. मी तिथेच उभ्या उभ्या काकूंना फोन लावला आणि सिग्नल कुठे आहे म्हणून विचारलं. पलंगाखाली आहे, आणि काकांची चप्पल पण तिथंच आहे, असं उत्तर आलं. म्हणजे काळे दोन. बरं, या काळ्याचे दोन्ही कान उभे होते आणि शेपटी वर वळलेली होती. मी लिहिलं, "क्रमांक चारचा भाऊ असावा. भावाच्या शोधात आला असावा." लिहिताना माझे डोळे भरून आले, हे मी वहीत लिहिलं नाही.

शिवाय तपकिरी क्रमांक सात गायब होता. दोन्ही उभे कान आणि वळलेली शेपटी असलेला तो गरीब जीव कुठे गेला असेल, या काळजीत मी पाऊण तास तलावापर्यंत शोधून आले.

भावालाही घर मिळायला हवं होतं. पंडरीच्या कापड बाजारात हरिदास भैयांचं ठोक दुकान आहे, आमच्या सगळ्या पडद्यांचं कापड तिथलंच. त्यांना गोदामाला राखण हवी होती. माणूस प्रेमळ, दुकानात पंखे आठ, पाणी भरपूर. त्याच दुपारी मी भावाला पोत्यात गुंडाळून, हातमोजे घालून, ऑटोने पंडरीला पोचवलं. हातमोजे काळे झाले. आता रायपूरला राहणाऱ्याला यात नवल ते काय? आमच्या गच्चीवर सकाळी पांढरी चादर वाळत घातली तर संध्याकाळी करडी घडी करावी लागते. हवेतली काजळी, असं मी लिहिलं. त्यातला 'काजळी' हा शब्द बरोबर होता.

मंगळवारी दुपारी हरिदास भैयांचा फोन आला. आवाज शांत होता. त्यांनी हकीकत क्रमाने सांगितली. कुत्रा दोन रात्री पांढऱ्या लठ्ठ्याच्या ताग्यांवर झोपला. तागे काळे झाले. म्हणून कुत्र्याला आंघोळ घातली. तागे काळेच राहिले, कुत्रा तपकिरी झाला.

"दीदी, तीस साल से कपड़े में हूँ," ते म्हणाले, "आपके कुत्ते का रंग कच्चा है."

मी घाबरून म्हटलं, मी आत्ता येते आणि त्याला परत नेते. तर ते म्हणाले, "नहीं नहीं. धुला हुआ माल वापस नहीं होता. हमारा ही नियम है." कुत्रा त्यांच्याकडे राहिला. मुलांना आवडला होता. त्यांना फक्त उत्सुकता होती की असं होतं कसं. मलाही होती! एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षांत धुण्याने बदलणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख कुठेही आला नव्हता.

संध्याकाळी मी गल्लीत चौकशी सुरू केली. तिसऱ्या दारी ती संपली. तिथे मंदाकिनी मावशी राहतात. वर्ध्याहून लग्न होऊन आल्या त्याला एकतीस वर्षं झाली, पण बोलणं अजून वर्ध्याचंच. कुत्र्याला कोणी काही केलं का, असं विचारल्यावर त्या पाटावरून उठल्यासुद्धा नाहीत.

"मीच केलं. दिव्याची काजळी आन् सरसोंचं तेल. दुसरं काय करू? तू माहा कुत्रा नेला."

मग सगळं कळलं. मावशींच्या अभिनवने पटवारीची, म्हणजे तलाठ्याची, परीक्षा दिली होती. निकाल पाच महिने अडकला होता. गुरुजींनी शनीचा उपाय सांगितला होता की अकरा शनिवार काळ्या कुत्र्याला मोहरीच्या तेलात भिजवलेली पोळी घालायची. कुत्रा नखशिखांत काळा हवा, आणि खंड पडला तर पुन्हा एकपासून सुरुवात. सात शनिवार झाले होते. आठव्या शनिवारी त्या पोळी घेऊन बाहेर आल्या तर हापशाजवळ कोणीच नाही! आणि त्या एकट्या नव्हत्या. कोणाचं दुकान चालत नव्हतं, कोणाच्या पोरीचं लग्न जमत नव्हतं, कोणाचे गुडघे. अख्ख्या पाऱ्याचे, म्हणजे मोहल्ल्याचे, ग्रह त्या एका कुत्र्यावर चालू होते. दर शनिवारी पहाटे साडेसहापासून तो पंचवीस-तीस तेलकट पोळ्या खायचा, रविवारी ओकायचा, आणि बाकीचे दिवस लोक त्याला मुद्दाम काही घालत नसत, कारण शनिवारी त्याला भूक राहिली पाहिजे!

माझ्या वहीतली ती बारा शून्यं माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली.

मी मावशींना समजावलं की ग्रहांचा आणि कुत्र्यांच्या रंगाचा काही संबंध नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की पोरगं पाच महिन्यांपासून जेवताना बोलत नाही, त्याचा आणि कशाचा संबंध आहे ते सांग. मी वही मिटली. नवव्या शनिवारी काय करायचं, हा प्रश्न तसाच राहिला. निघताना माझ्या लक्षात आलं की विजेच्या खांबाजवळ चार-पाच माणसं उभी आहेत. ती वाचत होती.

नवव्या शनिवारी सकाळी साडेसातला मी एका विहिरीत बाटली सोडून बसले होते तेव्हा कमला काकूंचा फोन आला.

"पोरी, दाराबाहेर अकरा माणसं उभी आहेत. कुत्र्याचं दर्शन द्या म्हणून राहिली. काका म्हणते मोर्चा आहे. काय करू?"

मी म्हटलं, दार उघडू नका. पण काकूंच्या दारावर गेल्या वर्षभरात दूधवाल्याशिवाय कोणी आलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं, सगळ्यांना पाणी दिलं, आणि चहा टाकला.

दहाव्या शनिवारी चौतीस माणसं आली. पहिल्या बसने वीस, उरलेली शेअर ऑटोने. धर्मपाल काकांनी दारात उभं राहून प्रत्येकाला सांगितलं की आम्ही बुद्धाला मानणारी माणसं, शनि-बिनी आमच्या घरात चालत नाही, मात्र कुत्र्याला भूक लागते हे आम्हाला मान्य आहे, तेव्हा तेल न लावलेली एकेक पोळी ठेवा आणि बाकीची घरी न्या. लोकांनी माना डोलावल्या आणि तेल लावलेल्या पोळ्या ठेवल्या. काकूंनी त्या जाळीत टाकून निथळत ठेवल्या. तेल जिन्यावर गेलं.

जिन्यावरून शालिग्रामजी येत होते. हे सोसायटीचे अध्यक्ष. मंत्रालयात मोठ्या टेबलावर बसतात आणि पांढरा सफारी घालतात. ते तिसऱ्या मजल्यावरून सहा पायऱ्या बसल्या बसल्या उतरले. सहा हा आकडा त्यांचा, काकूंच्या मते चार. उठल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते नोटीस टाइप करण्याचं. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दहा वाजता सभा. विषय एकच. कुत्रा ठेवायचा की काढायचा. प्रत्येक राहत्या घराला एक मत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा काकू सिग्नलच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि कुकर गॅसवर गप्प होता. त्या मला एवढंच म्हणाल्या की तू महिन्याची मुदत ठेवली होती ना, आज एकवीस दिवस झाले. चुकीची मोजणी माझी, चिकटवलेला पत्ता माझा, आणि जाणार होता त्यांचा कुत्रा. मी आठवडाभर झोपले नाही. पुरावा गोळा केला. चावल्याच्या घटना शून्य. दिवसातलं भुंकणं सरासरी चार वेळा, त्यातलं तीन वेळा काकांच्या न्यूजवर. इमारतीतल्या चोऱ्या, आधी दोन, नंतर शून्य. आलेख काढले, रंगीत.

अकराव्या शनिवारी सोसायटीच्या पहारेकऱ्याने सगळ्यांना फाटकावरच अडवलं. काका सिग्नलला खाली घेऊन गेले, कारण साडेतेवीस किलोमीटर आलेल्या माणसाला परत पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसेना. आणि रविवारी सभा भरली.

तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एकोणीस घरांची माणसं आली. इमारत बांधल्यापासून ती एकमेकांना पहिल्यांदाच बघत होती. सिग्नल काकूंच्या खुर्चीच्या पायाला बांधलेला, गाढ झोपेत. शालिग्रामजी उशी घेऊन बसले होते. तक्रारी सुरू झाल्या. गर्दी, तेल, चपला, अनोळखी माणसं. मी उभी राहून पहिला आलेख उघडला. तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेत कोणीतरी मोबाइलवर क्रिकेट लावलं. पाचव्या मिनिटाला शालिग्रामजी म्हणाले, "मैडम, ग्राफ अच्छा है. कुत्ता कब जाएगा?"

काकूंनी पदर डोळ्याला लावला नाही. नुसता हातात घट्ट धरला.

तेवढ्यात फाटकाकडून मंदाकिनी मावशी आल्या. हातात पेढ्यांचा डबा, मागे अभिनव, केस तेल लावून चापून बसवलेले. शनिवारी दुपारी यादी लागली होती. अभिनवचं नाव त्यात होतं. मावशी सरळ सिग्नलपर्यंत गेल्या, त्याच्यापुढे एक पेढा ठेवला, आणि मग सभेला वाटायला सुरुवात केली. पहिल्या रांगेने विचारलं, कशाचा पेढा? मावशींनी सांगितलं. अकरा शनिवार, आणि अकराव्याच शनिवारी!

क्रिकेट बंद झालं.

शालिग्रामजी उशीवरून थोडे पुढे सरकले. त्यांनी हळूच विचारलं की कुत्रा पूर्ण काळा आहे का. मी हो म्हटलं. पंजेसुद्धा? पंजेसुद्धा. ते म्हणाले की त्यांना साडेसाती चालू आहे, दोन वर्षांपासून प्रमोशनची फाइल पुढे सरकत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या जावयाची बदली अडकली होती. पाचव्या मजल्यावर कोर्टकचेरी होती. एकेक करून एकोणीसपैकी चौदा घरांत शनी निघाला.

मग शालिग्रामजी माझ्याकडे वळले. "आप तो साइंस की हैं. आप बताइए, असर होता है?"

आता मला सगळं माहीत होतं. परीक्षा पाच महिन्यांपूर्वी झाली होती. यादी कुत्र्याने लावली नव्हती. आणि अकरा शनिवारांतल्या आठव्या शनिवारी पोळी खाल्लेला कुत्रा या क्षणी पंडरीत तपकिरी अंगाने लठ्ठ्यावर झोपला होता. मंदाकिनी मावशी माझ्याकडे बघत होत्या. काकू बघत होत्या. सिग्नलने पेढा चाटायला एक डोळा उघडला होता. खरं बोलायचं तर कुत्रा जाणार, खोटं बोलायचं तर डिग्री!

मी घसा साफ केला. "एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही."

शालिग्रामजींनी होकारार्थी मान हलवून सभेला समजावून सांगितलं. "हव. मतलब मना नहीं कर रही हैं."

वातावरण एकदम बदलून गेलं. शनिवारी सकाळी सात ते आठ, बाहेरच्यांसाठी फाटकावर, राहणाऱ्यांसाठी आत, तेल कागदात, असा ठराव दोन मिनिटांत तयार झाला. कमला काकूंच्या पोह्यांचा स्टीलचा डबा मतपेटी म्हणून मधोमध ठेवला गेला. काकू हसत होत्या. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

तेव्हा धर्मपाल काका उभे राहिले. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली, बहुधा गाडी सोडताना लावत असतील तशी.

"हा कुत्रा माह्या घरी आहे, कारण त्याले घर नव्हतं. आन् माही बायको त्याच्याशी बोलते. यासाठी ठेवत असाल तर मी हात जोडतो. पण शनि खुश होते म्हणून ठेवून राहिले असाल, तर माहं मत विरोधात."

काकूंनी त्यांचा शर्ट मागून ओढला. शालिग्रामजी म्हणाले की मतदान गुप्त आहे, भैया, सांगू नका. काका म्हणाले की त्यांनी चाळीस वर्षं लाल झेंडी आणि हिरवी झेंडी सगळ्यांसमोर दाखवली आहे, लपवून नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, काका, एका घराला एकच मत आहे, आणि कुत्रा तुमचाच आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी माझे आलेख गोळा करायला लागले.

चिठ्ठ्या पडल्या. शालिग्रामजींनी त्या मोजल्या. दुसऱ्यांदा मी मोजल्या.

एकूण मतं एकोणीस. कुत्रा राहावा, अठरा. जावा, एक.